तीन खण, एकच आकडा

भरतच्या कमरेचा पट्टा मी दोन्ही हातांनी धरला होता. तो टाकीच्या तोंडावर ओणवा होता आणि छातीपर्यंत आत गेला होता. आत त्याचा थोरला भाऊ दत्ता गाळात पालथा पडला होता. शिडीच्या पायाशी माझा जावई किसन बसल्यासारखा पडला होता, मान छातीवर.

"सोड मावशे. भाऊ हाय माझा."

"माझा जावई हाय खाली. तरी नाय सोडत."

तो वळून माझ्या मनगटाला चावला. मी खाली बसले, टाकीच्या सिमेंटच्या कडेला दोन्ही पाय रोवले आणि मागे रेलले. माझ्या हाताखालच्या बायका धावत आल्या. दोघींनी माझी कंबर धरली, एकीने त्याचा पाय. मनगटावर खूण अजून आहे.

आता हे कसं झालं ते सांगते.

खालापूरच्या बाजूला रंगात मिसळायची पावडर करणारी एक कंपनी आहे. नाव घेत नाही. तिथे मी बावीस वर्षं होते, ठेकेदाराकडून. शिक्षण चौथी. झाडू मारायला लागले आणि हाऊसकीपिंगच्या बायकांची मुकादम झाले. भिसेगावातून कंपनीच्या बसने जायचं, संध्याकाळी त्याच बसने यायचं. या गोष्टीच्या वेळी माझं वय साठ होतं, कंपनीच्या कागदावर पंचावन्न.

कंपनीचं घाण पाणी साफ करून बाहेर सोडतात. त्या जागेला ईटीपी म्हणतात. तिथे जमिनीखाली एक टाकी आहे, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी खोल. वर गोल तोंड, एक माणूस कसाबसा आत जाईल एवढं. तळाला गाळ बसतो, त्याला स्लज म्हणतात. वर्षातून एकदा माणूस आत उतरवून तो काढावा लागतो. एक जण खाली बादली भरतो, दोघं वर दोरीने ओढतात.

गाळ कुजला की त्यातून गॅस निघतो. कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तळाला बसून राहतो. त्याची एक खोड आहे, ती आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितली होती. थोडा असेल तर वास येतो. जास्त झाला की नाकच मरतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, गॅस गेला. मग माणूस जातो.

ट्रेनिंग देणारे अमोल साहेब. सेफ्टी ऑफिसर. वयाने माझ्या मुलापेक्षा लहान, शांत माणूस, कधी कुणाला अरे-तुरे केलं नाही. एकट्याच्या अंगावर तीन प्लांट होते, आणि सही मात्र सगळ्या कागदांवर त्यांचीच लागायची. त्या ट्रेनिंगमध्ये मी आमच्या गावची गोष्ट सांगितली होती. आमचे सासरे विहिरीतला गाळ काढायचे. उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून पार पाण्यापर्यंत सोडायचे. तो खाली असेपर्यंत काठावर बसून एक विडी ओढायची. कंदील जळत वर आला तर उतरायचं. विझला तर घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी परत बघायचं. एवढाच नियम. आमच्या भावकीत विहिरीत कुणी मेलं नाही.

सगळे हसले. किसन तर मोठ्याने म्हणाला, "मामी, कंपनीत कंदील सोडा, म्हंजे सगळ्यांना पगारी सुट्टी." अमोल साहेबही हसले, पण त्यांनी नीट सांगितलं. इथे जळता दिवा सोडला तर गॅस पेटेल. म्हणून कंदिलाऐवजी गॅस मोजायचं मशीन आहे. मी म्हटलं, मग मशीन सोडा दोरीला बांधून. दिवा काय नि मशीन काय, खालपर्यंत गेलं पाहिजे. ते म्हणाले, मशीन गाळात पडलं तर दुसरं यायला सहा महिने लागतात. मशीनला एक लांब रबरी नळी असते, ती खाली सोडली की खालची हवा वर ओढून मोजते. ती नळी चिरली होती. नवी मागवलेली होती. येईल म्हणाले.

कंपनीत मेजर हा शब्द मी उठता बसता ऐकला. शिंपी युनिफॉर्मचं मेजर घ्यायला यायचा. सुताराच्या खिशात मेजर टेप असायची. ड्रममध्ये माल किती उरला ते बघणं, तेही मेजर. गेटवर पाटी, सेफ्टी मेजर्स पाळा. कुणाचं बोट कापलं की मीटिंग व्हायची आणि मॅनेजर म्हणायचे, आपण मेजर्स घेऊ. मी एकदा अमोल साहेबांना विचारलं की हा एकच शब्द एवढ्या ठिकाणी कसा चालतो. त्यांनी सांगितलं, मूळ अर्थ मोजणं. मोजून अंदाज घेणं, हाही अर्थ. आणि धोका होऊ नये म्हणून जे करायचं, तो उपाय, त्यालाही मेजरच म्हणतात. आधी मोजायचं, मग उपाय करायचा, असं धरा मावशी. मला ते पटलं. आमच्यात कापड मोजतात, भात मापतात, सोनं तोलतात आणि माणूस जोखतात. कामं वेगळी म्हणून शब्द वेगळे. पण त्यांचंही बरोबर होतं. आधी मोजायचं, मग उपाय.

त्या दिवशी सकाळी गाळ न्यायला टँकर येऊन उभा होता. ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी हॉर्न मारत होता. टाकीच्या तोंडाशी एक माणूस बसवावा लागतो, त्याला होल वॉच म्हणतात. त्याचं काम दोन गोष्टींचं. एक, खालच्या माणसावर नजर ठेवायची आणि काही झालं तर शिट्टी मारायची. दोन, स्वतः उतरायचं नाही आणि दुसऱ्या कुणाला उतरू द्यायचं नाही. रोजचा होल वॉच आला नव्हता. अमोल साहेब म्हणाले, मावशी, ट्रेनिंग तुमचंही झालंय, आज तुम्ही बसा.

किसन खाली उतरणार होता. माझ्या लेकीचा नवरा. त्याला कंपनीत मीच लावला होता. वर दोरी ओढायला दत्ता आणि भरत, कळंबकडचे दोघं भाऊ. पावसाळ्यात स्वतःची भातशेती करायचे, बाकी दिवस ठेक्यावर यायचे. दत्ता कमी बोलायचा. भरत चोवीस-पंचवीसचा, सारखा किसनची चेष्टा करायचा. सासूच्या हाताखाली काम करणारा जावई त्याने दुसरा बघितला नव्हता.

परमिट नावाचा एक कागद असतो. त्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय माणूस खाली जात नाही. कागद इंग्रजीत, पण आकडे मला वाचता येतात. प्राणवायू आणि गॅस, दोन्हींच्या मापासाठी तीन-तीन खण असतात. वरचं माप, मधलं माप, खालचं माप. अमोल साहेबांनी टाकीचं झाकण काढलं, नवी नळी अजून आली नव्हती म्हणून मशीनची पिवळी डबी हातातच धरून टाकीच्या तोंडापाशी नेली, थोडा वेळ थांबले आणि कागद भरला. साध्या हवेत प्राणवायू वीस पॉइंट नऊ टक्के असतो. तीनही खणांत वीस पॉइंट नऊ. गॅसच्या तीनही खणांत शून्य.

मी म्हटलं, "साहेब, तुमचा हात तर तोंडाच्या खाली गेला नाय."

ते म्हणाले, "झालंय मावशी मेजर. झाकण उघडं ठेवलंय ना, हवा लागलीय. सही करा, टँकर खोळंबलाय."

बाजारात भाताची गोणी घेणारा व्यापारीसुद्धा वरचे दाणे बघून घेत नाही. मधोमध सळई खुपसतो आणि तळाचे दाणे काढून तळहातावर घेतो. का, तर वर सगळेच चांगलं भात घालतात. हे मला माहीत होतं. तीन खणांत एकच आकडा आणि तो कसा आला, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. मी सही केली.

का केली, याला मोठं कारण नाही. टँकर उभा होता. साहेब चांगला माणूस होता. मागच्या दोन वर्षांतही असंच झालं होतं आणि काही झालं नव्हतं. आणि किसन मागून म्हणाला, "मामी, तुमी उगाच भ्या घालताव. करा सही, ऊन व्हायच्या आधी निपटवू."

तो उतरला. अंगात पट्ट्यांचं जॅकेट होतं. त्याच्या पाठीला एक कडी असते, तिला दोर लावायचा आणि दुसरं टोक वर बांधायचं. माणूस पडला तर वरून ओढता येतो. किसनने पहिल्या दोन बादल्या दोर लावून भरल्या. मग दोर बादलीच्या दोरीत गुंतायला लागला. त्याने कडीतून काढला आणि शिडीला अडकवून ठेवला. मी बघितलं. लावा म्हटलं. पुढच्या बादलीनंतर लावतो म्हणाला.

फावडं खोल जायला लागलं तसा वास वाढला. वर आमच्याही नाकाला झोंबला. भरतने रुमाल बांधला. मी किसनला वर यायला सांगितलं. तो म्हणाला, थोडा राहिलाय. मग पाच-सात बादल्या गेल्या आणि त्याचा खालून आवाज आला.

"मामी, आता वास गेला बघा."

ते वाक्य ऐकलं मात्र, मी ओरडले, "किसन, वर या. आत्ता. फावडं टाका." त्याने मान वर केली. माझ्याकडे बघून हसला असं मला वाटलं. शिडीला हात घातला आणि तिथेच खाली बसला, दमलेला माणूस बसतो तसा.

मी शिट्टी मारायला मान वळवली. गेटकडे बघून तीनदा जोरात मारली. तेवढ्यात दत्ता उतरला. होल वॉचने तोंडावरून नजर काढायची नसते. मी काढली. परत बघितलं तर तो शिडीच्या शेवटच्या पायरीवर होता. किसनच्या काखेत हात घालून त्याला उचलायला वाकला. ओझं उचलताना माणूस मोठा श्वास घेतो. त्याने एकच घेतला असेल. पालथा गाळात गेला.

मग भरत. त्याला मी धरलं, ते वर सांगितलंच आहे.

माणसं धावत आली. तोंडाला लावायचा हवेचा एक सेट असतो, पाठीवर सिलिंडर बांधून आत जायचं. तो सेट ईटीपीच्या भिंतीवर काचेच्या कपाटात होता. कपाटाला कुलूप. किल्ली गेटवर. कुणीतरी काच फोडली, सेट काढला. सिलिंडरच्या घड्याळाचा काटा शून्यावर. सिलिंडरला कार्ड लटकत होतं, त्या महिन्याची तारीख आणि तपासल्याची सही. माप घेतलं होतं म्हणे.

पॅकिंगमध्ये फरशी वाळवायला मोठा पंखा होता, कापडी नळीचा. तो माझ्या बायका रोज वापरायच्या. मी पट्टा न सोडता त्यांना ओरडून सांगितलं, पंखा आणा आणि नळी टाकीत सोडा. त्यांनी तो ओढत आणला. हवा सरळ शिडीच्या पायाशी पडायला लागली, जिथे किसन बसला होता. दत्ता तिथून दोन हात पुढे होता आणि त्याचं तोंड गाळात होतं. पंखा त्याच्या काही कामाचा नव्हता. हे मी तेव्हाच बघितलं होतं. भरतनेही बघितलं होतं.

शेजारच्या कंपनीची फायरची माणसं सेट घेऊन आली. दहा-बारा मिनिटं झाली असतील. एक जण उतरला. ज्याच्या जॅकेटला कडी होती त्याला आधी दोर लावला. किसन वर आला. दत्ताच्या अंगात जॅकेट नव्हतं, तो वरचा माणूस. त्याला गाळातून उचलून बांधून वर घ्यायला वेळ लागला.

दवाखान्यात किसन तीन आठवडे होता. दत्ता तिथे पोचला तेव्हाच गेलेला होता.

चौकशी झाली. सरकारचे इन्स्पेक्टर आले. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे आपलं मशीन सुतळीला बांधलं आणि टाकीत सोडलं. निम्म्यावर जायच्या आधीच ते कोकलायला लागलं. मी तिथेच उभी होते. सुतळी साधी होती, गोण्या शिवायची.

मग मॅनेजरच्या केबिनमध्ये बसलो. मॅनेजर एकच वाक्य फिरवून फिरवून म्हणत होते, सगळे सेफ्टी मेजर्स घेतले होते. टेबलावर परमिट होतं. इन्स्पेक्टरने मला विचारलं. मी जे होतं ते सांगितलं. हात तोंडाच्या खाली गेला नाही, आकडा एकदाच घेतला आणि तीनदा लिहिला.

इन्स्पेक्टरने कागद माझ्याकडे फिरवला. "ही सही तुमची?"

"माझी."

"वाचता येत नाही म्हणून केलीत का?"

तो मला वाट काढून देत होता. मॅनेजरही माझ्याकडे बघत होते. येत नाही म्हटलं असतं तर मी सुटले असते. कंपनीचंही बरं झालं असतं, अडाणी बाई बसवली एवढंच.

"आकडे वाचता येतात. वाचले होते."

"मग सही का केलीत?"

"चुकले."

अमोल साहेब कोपऱ्यात उभे होते. त्यांनी चेहरा हातात घेतला. मॅनेजरने पाण्याचा ग्लास सरकवला, त्यांच्याकडे, माझ्याकडे नाही.

अहवाल आला तेव्हा नोटीस बोर्डावर त्याचा मराठी सारांश लावला होता. मी उभी राहून पूर्ण वाचला. त्यात मापाबद्दल एक ओळ होती, "मोजमापाची पद्धत सुधारावी." आणि दत्ताबद्दल तीन ओळी होत्या. दत्ता हा परमिटवर नाव नसताना, सुरक्षा साधनं न घालता, स्वतःच्या जबाबदारीवर टाकीत उतरला. तिन्ही ओळी खऱ्या होत्या. त्याच्याएवढी नीट जोखणी दुसऱ्या कुणाची झाली नाही. अमोल साहेबांची बदली झाली. वर्ष संपलं तसं ठेकेदाराने मला वयाचं कारण सांगून थांबवलं. कागदावरचं पंचावन्न तेव्हा त्यांना खरं वाटेनासं झालं.

या सगळ्याच्या आधी, दत्ताच्या दहाव्याला मी कळंबला गेले. लेक म्हणाली, जाऊ नको आई. मी गेले. नदीवर माणसं जमली होती. पिंड ठेवला होता, कावळा शिवत नव्हता. भरत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोकं भादरलेलं, डोळे लाल.

"तू पट्टा सोडला असतास तर माझा भाऊ वर आला असता. तुझा जावई तेवढा आला."

या वेळी त्याने मावशे म्हटलं नाही. मी त्याला खोटं बोलले नाही.

"सोडला असता तर इथं दोन पिंड असते रं भरत."

त्याच्या आईने ते ऐकलं. निघताना तिने मला तांब्याभर पाणी दिलं. भरतने तोंड फिरवलं.

किसन घरी आला, पण जसा गेला होता तसा नाही. हात कापतात. बंद खोलीत बसत नाही, दार उघडं लागतं. तो दिवस त्याला आठवत नाही. पहिलं वर्षभर आठ-दहा दिवसांनी विचारायचा, "मामी, दत्ता दिसला नाय बरेच दिवसांत." पहिल्यांदा सांगितलं तेव्हा रडला. दुसऱ्यांदाही रडला. मग लेकीने मला सांगितलं, आई, नको सांगू दर वेळी. तेव्हापासून मी म्हणते, गावाला हाय. लेक दारातच वडापावची गाडी लावते. किसन कांदा कापत नाही, सुरी धरवत नाही. गिऱ्हाइकाला कागदात बांधून देतो. त्यातही वेळ लागतो.

कंपनीत आता मशीनला दोरी बांधलेली आहे. जुन्या बायका सांगतात. दोरीला तीन ठिकाणी लाल फडकी बांधलीत, वर, मध्ये, खाली. प्रत्येक फडक्यापाशी थांबायचं, आकडा मोठ्याने वाचायचा आणि होल वॉचने तो ऐकून लिहायचा. कपाटाला कुलूप नाही. चांगलं केलं. कंदिलाला आमच्या सासऱ्यांनी हेच केलं होतं, फक्त फडकी नव्हती. विडी संपेपर्यंत थांबायचे.

लोक विचारतात, तुला कसं सुचलं त्याला धरून ठेवायचं, खाली सख्खा जावई असताना. सुचलं काही नाही. होल वॉचचं दुसरं काम तेच होतं आणि पहिलं मी चुकवलं होतं. माप घ्यायचं तर तळाचं घ्यावं, आणि घेतलं नसेल तर सही करू नये. याच्यापलीकडे मला काही शिकवता येत नाही.

भरत आता कळंबजवळच्या रिसॉर्टवर पाहुण्यांची गाडी चालवतो. मागच्या महिन्यात कर्जतला स्टँडजवळ दिसला. लग्न झालंय, कडेवर मुलगी होती. त्याने मला बघितलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

टाकीपाशी आम्ही चौघं होतो. दत्ता गेला. किसन अर्धा वाचला. मी तोंडाशी बसले होते, मला काही झालं नाही. भरत जिवंत आहे.